दुधाचा थर्मामीटर घरच्या घरी जुळवा

कॉफीसाठी दूध वाफेने तापवत होतो. थर्मामीटरचा काटा ६५ अंशांवर दिसला म्हणून मी वाफ बंद केली, तर दुधाला चक्क करपट वास! असं दोनदा झालं. दोन्ही वेळा दूध बासुंदीत गेलं आणि मग कुठे संशय थर्मामीटरवर गेला.

तपासायला लागतो फक्त बर्फ. फ्रीजरमधले खडे फडक्यात बांधून बत्त्याने चांगले कुटा. मासळीबाजारातून आणलेला बर्फ नको; त्याला मीठ लागलेलं असेल तर तो शून्याच्याही खाली जातो. उंच पेला कुटलेल्या बर्फाने काठोकाठ भरा आणि फटी भरतील इतकंच गार पाणी ओता. बर्फ वर तरंगतोय आणि खाली नुसतं पाणी, असं दिसलं तर अजून बर्फ घाला. तळाचं पाणी चार अंशांवरही असू शकतं आणि तिथेच फसायला होतं.

दांडी मधोमध दोन इंच बुडवा, काचेला टेकू देऊ नका. ढवळत राहा आणि दोन मिनिटं थांबा. माझा काटा उणे सातवर जाऊन बसला. म्हणजे ६५ दाखवत होता तेव्हा दूध खरं तर ७२ च्या आसपास होतं!

तबकडीच्या पाठीमागे नट असतो. दांडी बर्फातच ठेवून नट पान्याने धरा आणि काटा शून्यावर येईपर्यंत तबकडी हळूहळू फिरवा. डिजिटलला नट नसतो. काहींना जुळवणीचं बटण असतं. नसेल तर फरक चिकटपट्टीवर लिहून डब्यालाच लावा.

आता खळखळ उकळत्या पाण्यात बघा, पातेल्याच्या तळाला न टेकवता. हात वाफेपासून लांब. मुंबई समुद्रालगत, त्यामुळे इथे १०० यायला हवेत. पुण्याच्या मावशीकडे हाच प्रयोग केलात तर ९८ च दिसतील. तिच्या थर्मामीटरला नावं ठेवू नका, पुणं साडेपाचशे मीटर उंचावर आहे. शून्यावर जुळवूनही उकळत्या पाण्यात दोन-तीन अंशांहून जास्त चूक निघाली तर सरळ नवा घ्या.

दूध ६० ते ६५ वर गोड लागतं, सत्तरीनंतर उकळल्याची चव येते. काट्याचा थर्मामीटर मागे रेंगाळतो, म्हणून ५८ दिसले की वाफ बंद करा, उरलेले अंश तो स्वतःच चढतो. आणि ओट्यावरून खाली पडला, की पुन्हा बर्फ कुटायला घ्या.