शनिवारचा निकाल आणि मार्चचा भाव: अडथळ्यांच्या शर्यतींचा मोसम कसा वाचावा

२५ नोव्हेंबर २०१७, शनिवार. इंग्लंडमधल्या हेडॉकच्या मैदानावर चिखलच चिखल. त्या चिखलात ब्रिस्टल डी माय नावाच्या करड्या घोड्याने बेटफेअर चेस ही शर्यत जिंकली, तीही ५७ लेंग्थने. एक लेंग्थ म्हणजे साधारण २.४ मीटर, म्हणजे दुसरा घोडा सव्वाशे मीटरहून जास्त मागे. तो दुसरा घोडाही कोणी ऐरागैरा नव्हता. क्यू कार्डने हीच शर्यत आधी तीनदा जिंकलेली होती. रविवारी सकाळी ज्याने फक्त निकाल वाचला, त्याला वाटले असणार की या मोसमाचा राजा मिळाला.

महिन्याभराने, २६ डिसेंबरला, केम्प्टनच्या किंग जॉर्ज चेसमध्ये मायट बाइट जिंकला. आपला करडा घोडा पहिल्या तिनातही नव्हता.

शनिवारचा निकाल खोटा नसतो, पण अपुरा असतो. तो पुरा कसा करून घ्यायचा आणि त्यावरून मार्चमधल्या चेल्टनहॅम महोत्सवाचा किंवा एप्रिलमधल्या ग्रँड नॅशनल शर्यतीचा भाव (पैजा घेणारा बुकमेकर देतो तो दर) स्वस्त की महाग हे कसे ठरवायचे, ते इथे सांगतो.

आधी मैदानाची ओळख

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे पाहिलेल्यांनी जुना हिशोब थोडा बाजूला ठेवावा. आपल्याकडच्या शर्यती सपाट धावपट्टीच्या. इंडियन डर्बी २४०० मीटरची, तर चेल्टनहॅमचा गोल्ड कप सुमारे ५३०० मीटरचा आणि वाटेत २२ अडथळे. ग्रँड नॅशनल जवळजवळ सात किलोमीटर, ३० उड्या. गोल्ड कपमध्ये घोड्याच्या पाठीवर ११ स्टोन १० पौंड असतात, म्हणजे ७४ किलोंच्या वर. आपल्या जॉकींना हा आकडा ऐकूनच घाम फुटेल.

प्रकार मुख्यतः दोन. हर्डल म्हणजे साडेतीन फुटांचे, धक्का लागला तर झुकणारे अडथळे. चेस म्हणजे किमान साडेचार फुटांचे भक्कम कुंपण, तिथे चूक झाली तर घोडा आडवाच होतो. खरा मोसम ऑक्टोबरमध्ये तापायला लागतो. नोव्हेंबरात चेल्टनहॅम, हेडॉक आणि न्यूबरी, डिसेंबरात सँडाउन आणि केम्प्टन, फेब्रुवारीच्या सुरुवातीला डब्लिन, मार्चमध्ये चेल्टनहॅमचा चार दिवसांचा महोत्सव आणि एप्रिलमध्ये एंट्री (Aintree) मैदानावरचा ग्रँड नॅशनल. प्रत्येक शनिवार म्हणजे या मोठ्या परीक्षेआधीची एकेक चाचणी.

पायरी १: जमीन कोणती होती ते आधी बघा

पुण्याच्या पावसाळी मोसमात आमचे काका रेसबुकच्या समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहायचे: 'पाऊस'. बाकी सगळे डोक्यात. तीच सवय इथे लावून घ्या. ब्रिटनमध्ये जमिनीचे वर्णन ठरलेल्या शब्दांत येते: फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. आयर्लंडमध्ये मधल्या ओलीसाठी यील्डिंग म्हणतात. हेवी जमिनीवर काही घोडे जिंकतात ते वेगाने नव्हे, तर बाकीचे दमतात म्हणून. अशा वेळी अंतरे फुगतात. ५७ लेंग्थचा विजय म्हणजे ५७ लेंग्थचा दर्जा नव्हे.

पण नुसत्या जमिनीवर बोट ठेवून थांबू नका. २०१७ नंतर सगळे म्हणाले, ब्रिस्टल डी मायला चिखल लागतो. २०१८ मध्ये हेडॉकला जमीन बरीच कोरडी होती, समोर नेटिव्ह रिव्हर, थिसलक्रॅक आणि मायट बाइट होते, तरी हाच पुन्हा जिंकला. २०२० मध्ये तिसऱ्यांदा. किंग जॉर्जमध्ये मात्र २०१८ साली तो पडला. मग प्रश्न चिखलाचा की मैदानाचा? हेडॉक डाव्या हाताचे, म्हणजे डावीकडे वळणारे, केम्प्टन उजव्या हाताचे. चेल्टनहॅम डाव्या हाताचे, पण चढउतारांचे, आणि शेवटचा चढ दमछाक करणारा. २०१९ च्या गोल्ड कपमध्ये हा घोडा तिसरा आला. म्हणून वहीत जमीन, वळणाची दिशा आणि चढ या तिन्ही गोष्टी लिहायच्या. एकच निकाल पाहून 'याला हेच लागते' असे छातीठोक म्हणायचे नाही. ती चूक मीही केली आहे.

पायरी २: कोण जिंकला यापेक्षा कसा जिंकला

शर्यतीचे चित्रण पुन्हा बघा, शक्य तर आवाज बंद करून. समालोचक ज्याचे नाव घेतो त्याच्याकडेच आपली नजर जाते. बघायचे ते हे: उडी मारताना घोडा अंतर जोखतो की प्रत्येक कुंपणापाशी अडखळून पुन्हा वेग घेतो? शेवटच्या अडथळ्यानंतर तो पुढे जात होता की बाकीचे मागे पडत होते? हे दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, अर्थ मात्र उलटे. दोन मैलांवर तिसरा आलेला पण शेवटी जोर धरणारा घोडा पुढच्या खेपेस अडीच-तीन मैलांवर बघण्यासारखा असतो.

त्याच दिवशी त्याच मैदानावर तेवढ्याच अंतराची दुसरी शर्यत झाली असेल तर दोन्हींची वेळ ताडून बघा. नवख्यांच्या शर्यतीतला घोडा अनुभवींच्या हँडिकॅपपेक्षा (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवणाऱ्या शर्यतीपेक्षा) जलद धावला, तर त्याच्या नावाखाली रेघ मारा. फक्त पाठीवरचे वजन आणि सुरुवातीचा वेग विसरू नका. पहिला मैल सगळे रमतगमत गेले असतील तर ती वेळ काहीच सांगत नाही.

अंतराचे वजनात रूपांतर करायचा जुना हिशोब असा: लांब पल्ल्यावर एक लेंग्थ म्हणजे साधारण एक पौंड. पाच पौंड कमी घेऊन तीन लेंग्थने जिंकलेला घोडा कागदावर मागेच पडला. चिखलात हा हिशोब सैल होतो. घोडीला बहुतेक मोठ्या शर्यतींत सात पौंडांची सवलत मिळते, तीही धरा.

पायरी ३: नावाशेजारचे आकडे उजवीकडून वाचा

शर्यतीच्या कार्डावर, म्हणजे धावणाऱ्या घोड्यांच्या यादीत, घोड्याच्या नावाशेजारी '२१३-एफ१पी' असे काहीतरी दिसते. सर्वांत उजवीकडचे चिन्ह शेवटच्या शर्यतीचे. आकडा म्हणजे क्रमांक, शून्य म्हणजे दहावा किंवा त्याहून मागे. एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी खाली आला, बी म्हणजे दुसऱ्याने पाडला, पी म्हणजे मध्येच थांबवला. आडवी रेघ म्हणजे मोसम बदलला. बी दिसला तर घोड्याचा दोष नाही. यू असेल तर चित्रण बघूनच ठरवा. एकाच मोसमात दोन एफ असतील तर मी त्या घोड्यापासून चार हात लांब राहतो, भाव कितीही गोड असो.

श्वासनलिकेची शस्त्रक्रिया झाली असेल तर २०१८ पासून ब्रिटनमध्ये तेही कार्डावर नोंदवतात. त्यानंतरची पहिली धाव लक्ष देऊन बघावी.

पायरी ४: कोण आलेच नाही ते बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये जिंकणारा घोडा दिसायला भारी दिसतो, कारण अर्धा वर्ग अजून शाळेतच आलेला नसतो. आयर्लंडचे विली मलिन्स आपले तगडे घोडे सावकाश बाहेर काढतात. ते आयरिश असूनही २०२३-२४ आणि २०२४-२५ असे लागोपाठ दोन मोसम ब्रिटनचे सर्वोत्तम ट्रेनर ठरले. २०२५ च्या नॅशनलमध्ये तर पहिले तिन्ही घोडे त्यांचे, आणि विजेत्या निक रॉकेटवर स्वार त्यांचाच मुलगा पॅट्रिक. भाव होता ३३ ला १, म्हणजे एका पौंडावर ३३ पौंड नफा. त्यामुळे नोव्हेंबरच्या ब्रिटिश निकालाशेजारी आयर्लंडमधल्या पंचेस्टाउन, डाउन रॉयल आणि लेपर्डस्टाउनचे रकाने मोकळे ठेवा आणि ते भरेपर्यंत मार्चबद्दल कोणाशीही वाद घालू नका.

पायरी ५: भावाला टक्क्यांत बदला

४ ला १ म्हणजे पाचात एक, अर्थात २० टक्के. ७ ला २ म्हणजे नवात दोन, २२ टक्के. २ ला १ म्हणजे ३३. सगळ्या घोड्यांचे टक्के एकत्र करा. बेरीज शंभरच्या जितकी वर, तितका बुकमेकरचा वाटा. मोसमाच्या सुरुवातीच्या लांबच्या भावांत हा वाटा बराच मोठा असतो.

आता मुख्य मुद्दा. काही महिने आधी लावलेल्या पैशाला अँटी-पोस्ट म्हणतात. यात घोडा धावलाच नाही तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणून तीन शक्यतांचा गुणाकार करावा लागतो. समजा तुमच्या मते घोडा मार्चपर्यंत धडधाकट राहण्याची शक्यता ७० टक्के, तो याच शर्यतीत उतरण्याची ८०, आणि उतरलाच तर जिंकण्याची २५. गुणाकार १४ टक्के, म्हणजे रास्त भाव ६ ला १ च्या आसपास. तोच घोडा शर्यतीच्या सकाळी ३ ला १ ने मिळाला तर सौदा तितकाच रास्त, कारण पहिल्या दोन शंका तोवर मिटलेल्या असतात. मग नोव्हेंबरात शनिवारच्या विजयानंतर कोणी ४ ला १ देऊ करत असेल, तर तो भाव 'मोठा' दिसतो म्हणून घेऊ नका. तो महाग आहे.

दुसऱ्या शंकेचे उदाहरण ताजे आहे. २०२५ मध्ये इनोदवेयरथिंकिन नॅशनलचा फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा, होता. त्याआधी मार्चमध्ये तो गोल्ड कपमध्ये उतरला, लागोपाठ तिसरा कप मिळवायला आलेल्या गॅलोपॅन दे शाँला हरवून जिंकला, आणि नंतर नॅशनलमध्ये त्याला उतरवलेच नाही. ज्यांनी नॅशनलसाठी त्याच्यावर पैसे लावले होते त्यांचा घोडा इतका चांगला निघाला की पैसे बुडाले!

महोत्सव जवळ आला की अनेक बुकमेकर घोडा न धावल्यास पैसे परत देण्याची अट मान्य करतात. भाव थोडा कमी होतो, पण वरच्या गणितातल्या दोन शंका त्यांच्या अंगावर जातात. मला विचाराल तर अँटी-पोस्टच्या मोहापेक्षा ही वाट कधीही बरी.

पायरी ६: विन की ईच-वे

ईच-वे म्हणजे एकाच वेळी दोन पैजा, विन आणि प्लेस. १० पौंड ईच-वे लावले की खिशातून २० जातात. भाव १० ला १, आणि पहिल्या तिनांत आल्यास एक पंचमांश, असे धरू. घोडा तिसरा आला तर प्लेसचे २० आणि मुद्दल १० मिळून ३० हातात येतात, विनचे १० गेलेलेच असतात. जिंकला तर एकूण १४०. छोट्या भावाच्या फेव्हरिटवर ईच-वे म्हणजे बुकमेकरला दान. बारा-पंधरा घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये मात्र विचार करावा.

फेव्हरिटवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनी २०२५ चा चॅम्पियन हर्डल एकदा तरी बघावा. १ ला २ भावाचा कॉन्स्टिट्यूशन हिल पाचव्या हर्डलला पडला. मग आघाडीवर असलेला स्टेट मॅन अगदी शेवटच्या हर्डलला पडला. जिंकली गोल्डन एस ही घोडी, २५ ला १ ने. फेव्हरिटचे मूल्यमापन कदाचित बरोबरही होते. अडथळा मात्र कोणाचे मूल्यमापन वाचत नाही.

पायरी ७: मंगळवारपर्यंत थांबा

शनिवारी संध्याकाळी भाव आक्रसतात, रविवारी वर्तमानपत्रे त्यात तेल ओततात. हँडिकॅपचे नवे रेटिंग, म्हणजे घोड्याचे वजन ठरवणारे गुण, मंगळवारी येते. तोवर वहीत लिहा: जमीन, वळण, वेळ, शेवटच्या दोन फर्लाँगांत काय झाले, कोण आले नव्हते, आणि तुमच्या हिशोबाने रास्त भाव किती. बाजारातला भाव त्यानंतर बघा. आधी बघितला तर आपले गणित नकळत त्याच्याकडे झुकते.

भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी: ब्रिटिश बुकमेकरच्या साइटवर पैसे लावण्याच्या भानगडीत पडू नका, २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. वही आणि चित्रण यांवर हा सगळा अभ्यास फुकट होतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना वयाची १८ वर्षे पूर्ण असल्यावर परवानगी आहे, पण मोसमाची रक्कम ऑक्टोबरातच वेगळी काढा आणि ती संपली की फक्त बघा. हात आवरत नसेल तर गॅमस्टॉप या ब्रिटनमधल्या जुगारबंदी-नोंदणी सेवेवर नाव नोंदवून सगळी ऑनलाइन खाती एकदम बंद करता येतात.

या पद्धतीने पहिला मोसम मी कागदावरच खेळलो. एप्रिलअखेर सँडाउनला मोसम संपला तेव्हा वहीतल्या चाळीस काल्पनिक पैजांपैकी सहा लागल्या होत्या, आणि त्यातल्या पाच शर्यतीच्या दिवशी सकाळी घेतलेल्या होत्या.