बाथ बॉम्ब (अंघोळीच्या पाण्यात टाकला की फसफसणारा गोळा) घरीच करा, आठवी-नववीच्या पोरांसाठी

जळगाव-भुसावळकडे एप्रिलची कोरडी हवा असते ना, हाच प्रयोग करायचा खरा सीझन, पावसाळ्यात दमट हवेनं गोळा साच्यातच फुगतो. 100 ग्रॅम खायचा सोडा, 50 ग्रॅम लिंबूसत्व (म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड), 50 ग्रॅम कॉर्नफ्लोअर कोरड्या परातीत चाळून घ्या, मग दोन चमचे खोबरेल थेंब थेंब टाकत हातानं चोळा. मुठीत दाबलं की लाडवासारखं बसलं पाहिजे आणि बोटानं टोचलं की फुटलं पाहिजे, नाही जमलं तर स्प्रेनं पाण्याचा एकच फवारा, जास्त नको, लगेच फसफसायला लागतं!! मोदकाच्या साच्यात गच्च दाबून रात्रभर सावलीत ठेवा. लिंबूसत्व डोळ्यात गेलं तर फार झोंबतं, चष्मा घालाच.

आता खरी मजा. एक गोळा गार पाण्यात, एक कोमट पाण्यात टाका आणि मोबाईलवर टाइम लावा, कोमट पाण्यात लवकर विरघळतो. कोरडे असताना सोडा नि अ‍ॅसिड गप्प बसतात, पाण्यात विरघळले की भिडतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच वायू नळीनं चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते, हे पोरांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.