गलाईवाल्याच्या घरी दिलेल्या पोरींनो, तमिळ अशी शिका

विट्याकडच्या, आटपाडीकडच्या पोरी लग्न होऊन थेट दक्षिणेत जातात, यात आता कुणाला नवल वाटत नाही. आपला पट्टा दुष्काळी, म्हणून माणसं सोन्या-चांदीच्या गलाईला, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्याला, देशभर पांगली. सराफ पेठ असेल तिथं एक भट्टी, एक मूस आणि खानापूर तालुक्यातला एक माणूस सापडायचाच. माझा संसार तमिळनाडूत कोइमतूरला झाला. यात्रेला गावी आले की नव्या सुनांच्या आया विचारतात, "अक्का, पोरीला तिकडची भाषा कशी यायची?" प्रत्येकीला तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

गड्यांची काळजी सोडा. दुकानात टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायला कारागीर येतात, वजन आणि भाव यांत गडी बोलायला लागतो. अडतं ते बाईचं. नवरा दिवसभर तेजाबाच्या वासात, ही वरच्या खोलीत फोन घेऊन बसलेली, आणि फोनवर बोलणं विट्याच्या बहिणीशी. अशा बायका मी पाहिल्यात. पोरं तिथं कॉलेजला गेली तरी यांना भाजीवालीशी बोटांनी बोलावं लागतं.

म्हणून पहिला धडा पुस्तकात नाही, उंबऱ्यात आहे. तिथल्या बायका पहाटे दारात पाणी शिंपडून कोलम काढतात. आपल्या सडा-रांगोळीसारखंच, फक्त मूळचं तांदळाच्या पिठाचं. आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती फिरणारी एकच रेघ. तुम्ही त्याच वेळी दार उघडून तुमची रांगोळी काढा. शेजारीण बघणारच. ती काही म्हणाली आणि कळलं नाही तर "पुरियलै" म्हणा, म्हणजे समजलं नाही. "मेदुवा सोल्लुंगा" म्हणा, म्हणजे हळू सांगा. पिठाकडं बोट करून "इदुक्कु पेरु एन्ना?" विचारा, याला काय म्हणतात. या तीन वाक्यांवर पहिला महिना सहज निघतो. मार्गळी महिना लागला, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत (आपल्या संक्रांतीचा सण), की सगळी गल्ली पहाटे बाहेर असते आणि कोलम दार अडेल एवढे मोठे होतात. लग्न दिवाळीनंतर झालं असेल तर तुमचं नशीब चांगलं.

दुसरी शाळा फुलवालीची. तिथं गजरा हातावर मोजून देतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळम. फुलवाली धागा कोपराला लावते, बोटापर्यंत ताणते, तोडते आणि वर बोटभर जास्त सोडते. ते बोटभर सोडणं तुमच्या बोलण्यावर असतं. "अक्का" म्हणून सुरुवात केली तर सोडते. आपल्याकडंही अक्का, तिकडंही अक्का. अण्णा आणि मामासुद्धा दोन्हीकडं चालतात. रोज त्याच बाईकडून घ्या. पाच जणींकडून स्वस्त घेण्यापेक्षा एकीकडून महाग घेतलेलं परवडतं, कारण ती तुमच्या चुका सुधारते आणि हसते ते तुमच्यावर नाही, तुमच्याबरोबर. आणि कुणी घरी बोलावून फुलं, हळदीकुंकू, विड्याची पानं दिली तर नको म्हणू नका, अगदी घाईत असलात तरी.

आता मानाचं. आपण आईला, अक्काला तू म्हणतो, त्यात प्रेम असतं. तिकडं क्रियापदाला मागं "ंगा" लागतं आणि तोच सगळा मान. "वा" म्हणजे ये, "वांगा" म्हणजे या. वांगी डोळ्यापुढं आणा, विसरणार नाही. कोइमतूरकडच्या, त्यांच्या कोंगू भागाच्या बोलीत तर हा "ंगा" सगळीकडं येतो. नव्या माणसानं सगळ्यांनाच लावावा, भांडी घासायला येणाऱ्या बाईलाही. जास्त लावल्यानं कुणाचा राग आलेला मी ऐकला नाही. उलट पिक्चर बघून शिकलेला "डा" आणि "मच्चान" दुकानातल्या पोरांना भोवतो. ते जिवलग दोस्तांचं बोलणं. अनोळखी रिक्षावाल्याला "डा" लावला तर तो रिक्षा थांबवून खाली उतरेल.

पुस्तकी तमिळ आणि गल्लीतलं तमिळ वेगळं आहे, हेही लक्षात ठेवा. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये शिकलेलं वाक्य दारात बोललात तर बातम्या दिल्यासारखं वाटतं. "जेवलात का" याला बोलीत "साप्टींगळा?" एवढंच. तिकडं भेटल्यावर हे विचारणं म्हणजे रामराम घालणं आहे. ताट वाढायचं आमंत्रण समजून बसू नका, "साप्टेन" म्हणून तुम्हीही तेच विचारा. लिपी मात्र शिकाच, बसची पाटी वाचायला लागते. तिच्यात क आणि ग ला एकच अक्षर, प आणि ब ला एकच. गणेशला कुणी कणेश वाचलं तर त्याला चिडवू नका. आपल्याला एक मोठा फायदा आहे: ळ आपल्या जिभेवर आधीच बसलेला आहे. हिंदीवाली माणसं तिथंच अडतात.

हिंदीवरून आठवलं. "त्यांना हिंदी येते, मुद्दाम बोलत नाहीत" असं आपल्यातले कितीतरी जण सांगतात. ते बहुतेक वेळा खोटं आहे. 1965 मध्ये तिथं हिंदीविरोधी मोठं आंदोलन झालं, 1968 पासून सरकारी शाळांत तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा आहेत. शेजारच्या काकूंना हिंदी कुणी शिकवलीच नाही. त्यामुळं हिंदीत सुरुवात करू नका. मोडक्या तमिळला जेवढी माया मिळते तेवढी अस्खलित हिंदीला मिळणार नाही. शिवाय हिंदी बोललात की तुम्ही "सेट्टु" ठरता, म्हणजे उत्तरेकडून आलेले पैसेवाले. तो शिक्का एकदा बसला की भाडंसुद्धा त्याच हिशोबानं सांगतात.

मग आपण कोण हे सांगायचं कसं? सोपं आहे. रजनीकांत. त्यांचं मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, घर मराठी बोलणारं, हे तिथं लहान पोरालाही माहीत असतं. "त्यांच्या घरची भाषा ती आमची भाषा" एवढं म्हटलं की काम झालं. जुन्या वळणाचा माणूस असेल तर तंजावूरचं नाव काढा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांचं राज्य तिथं होतं, तंजावूरच्या मोठ्या देवळात भोसल्यांचा मराठी शिलालेख आजही आहे. मी घरमालकिणीला हे सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा मला आत, स्वयंपाकघरात बसवलं.

आपली एक सवय मात्र गावीच ठेवून जा. ओळख झाली की आपण विचारतो, आडनाव काय, पाहुणे कुठले. आडनावावरून आपण नातं जोडतो, पण तिकडं आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं. 1929 साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत तिथले समाजसुधारक पेरियार आणि त्यांच्या लोकांनी नावापुढची जातीची बिरुदं टाकायचा ठराव केला आणि पुढं बहुतेकांनी ती टाकली. नावाआधी असतं ते वडिलांच्या नावाचं आद्याक्षर. तुमच्या पोराचं नाव शाळेत घालताना हा घोळ होणार आहे, कारण अर्जातल्या आद्याक्षराच्या चौकटीत काय लिहायचं ते कळत नाही. आधार कार्डावर आहे तसंच पूर्ण नाव लिहा आणि दाखला हातात पडल्यावर तिथंच तपासा. नातं जोडायचंच असेल तर मामाची पोरगी करायची चाल काढा. ती त्यांच्याकडंही आहे, आपल्याकडंही आहे. त्यावर बायका तासभर बोलतात आणि नात्यांची सगळी नावं आपोआप पाठ होतात.

नकार ओळखायला वेळ लागतो. आपल्याकडं "बघू" म्हटलं की काय समजायचं ते आपल्याला कळतं, तिकडचं "पाक्कलाम" तसंच. घरमालक भिंतीचा रंग देण्यावर "पाक्कलाम" म्हणाला तर रंगाचा डबा येणार नाही. आठवड्यानं दुसऱ्या विषयात गुंडाळून परत काढा. मान दोन्ही बाजूंना डोलावली तर तो नकार नाही, ऐकतोय किंवा ठीक आहे असा अर्थ. जेवताना "वेंडाम", म्हणजे नको, पहिल्या वाढण्याला म्हणू नका. थोडं घ्या आणि मग "पोदुम" म्हणा, पुरे. केळीच्या पानावर जेवलात तर उठताना पान आपल्याकडं दुमडायचं. पलीकडं दुमडणं मयताच्या जेवणाला.

वेळेचंही बोलणंच असतं. राहूकाळात तिथं नवं काम काढत नाहीत: सोमवारी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा, प्रत्येक वाराचा वेगळा. दिनदर्शिकेच्या पानावर छापलेला असतो. खोलीचं भाडं ठरवायला त्या वेळी गेलात तर ती बाई पाणी देईल, गप्पा मारेल आणि ठरवणार काहीच नाही. आडी महिन्यात, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, खोली बदलायचं बोलूच नका. लग्नंही थांबतात. मात्र मारीअम्मन देवीच्या देवळात गर्दी असते, शेजारणीबरोबर तिथं जा.

नवऱ्यांनाही एक सांगायचं आहे. बायकोच्या वतीनं बोलू नका. घरमालकीण दारात आली आणि तुम्ही पुढं झालात की तिचा त्या दिवसाचा धडा बुडाला. ती अडखळू दे. पोरांनाही आईच्या उच्चारांवर हसू देऊ नका, घरात जिला हसतात ती बाई बाहेर तोंड उघडत नाही.

राहिलं गावाहून तिकडं जाताना काय न्यायचं. सांगलीची हळद म्हणून पिशवी भरू नका. कोइमतूरजवळचं इरोड स्वतःच हळदीची मोठी पेठ आहे, तिथं आपल्या हळदीचं कौतुक कुणी करणार नाही. तासगावचा बेदाणा न्या. तो त्यांच्या पायसमात, म्हणजे खिरीत, पडतो, डबा काही रिकामा परत येत नाही, आणि शेजारीण तो द्यायला येईल तेव्हा पायसम कसं केलं ते विचारायला तुम्हाला आयतं निमित्त मिळतं.