छोट्या मोटारीसाठी बदली रिम निवडताना मापे कशी जुळवावीत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पावसाळा संपला की टायरच्या दुकानांत वाकलेल्या रिमा घेऊन आलेली माणसे हमखास भेटतात. काळ्या मातीवरचा रस्ता खचतो, खड्डा पाण्याखाली दिसत नाही आणि चाक त्यात आदळते. अशा वेळी दुकानदार एखादी जुनी रिम लावून पाहतो, चारही नट बसतात आणि ग्राहक समाधानाने पैसे देतो. परंतु नट बसणे आणि चाक बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मेहुण्यांनी अशीच एक रिम घेतली होती. गावात गाडी ठीक चालली, पण धुळ्याहून जळगावकडे येताना ताशी 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. दोनदा बॅलन्सिंग करूनही थरथर गेली नाही, कारण दोष रिमच्या मधल्या छिद्रात होता.

सुरुवात आपल्या गाडीवरच्या मापांपासून करावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत टायरचे माप आणि हवेचा दाब दिलेला असतो, तर मूळ रिमच्या आतल्या बाजूस ‘5 जे x 14’ (रुंदी 5 इंच, व्यास 14 इंच) किंवा ‘ईटी 45’ (याचा अर्थ पुढे येईल) अशा खुणा उमटवलेल्या असतात. चाक काढून, माती पुसून त्यांचा फोटो घ्यावा आणि दुकानात तोच दाखवावा. सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकाने रिमा बदललेल्या असू शकतात, म्हणून मापे गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावीत.

त्यानंतर नटांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, तपासावा. चार छिद्रांच्या रिममध्ये समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंतील अंतर म्हणजेच पीसीडी होय. स्विफ्टचा पीसीडी 100 मिलिमीटर आहे, जुन्या मारुती 800 चा 114.3, तर फियाट पुंटोचा 98. खरा धोका 98 आणि 100 यांच्या गल्लतीत आहे. फरक अवघा दोन मिलिमीटरचा असल्याने नट ओढूनताणून बसतात, पण बोल्ट तिरके ताणले जातात आणि रिम हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्यावर, सपाट टेकत नाही. असे चाक धावत्या गाडीतून निखळू शकते. नटांचे आटेही पाहावेत: मारुतीच्या गाड्यांत ते 12 x 1.25 (व्यास आणि दोन आट्यांतील अंतर, मिलिमीटरमध्ये) असतात, ह्युंदाईच्या गाड्यांत 12 x 1.5. नटाचे टोक शंकूच्या आकाराचे आहे की गोलाकार, तेही रिमच्या छिद्राशी जुळले पाहिजे.

मधल्या छिद्राकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. हे छिद्र हबच्या उंचवट्यापेक्षा लहान असेल तर रिम बसतच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. ते मोठे असले की मात्र चाक केंद्रापासून किंचित सरकून बसते आणि वेगात थरथरते. बाजारातल्या अलॉय (हलक्या मिश्रधातूच्या) रिमा अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून हे छिद्र मुद्दाम मोठे ठेवलेले असते. त्यावर उपाय म्हणजे हब आणि छिद्र यांतील फट भरणारी योग्य मापाची कडी, म्हणजे हब रिंग. मेहुण्यांच्या गाडीला ती बसवल्यावर थरथर पूर्णपणे थांबली.

सर्वांत जास्त वेळ रुंदी आणि ऑफसेट यांना द्यावा. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट. ‘ईटी’पुढचा आकडा तोच असतो. समजा मूळ रिम 5 जे, ईटी 45 आहे आणि आपण 6 जे, ईटी 38 घेतली. एक इंच वाढलेल्या रुंदीमुळे दोन्ही बाजूंना 12.7 मिलिमीटर वाढले आणि ऑफसेट 7 ने घटल्याने सगळी रिम तेवढी बाहेर सरकली. म्हणजे चाक बाहेरच्या बाजूस जवळजवळ 20 मिलिमीटर पुढे आले. उभ्या गाडीत ते रुबाबदार दिसते, पण लग्नाला निघालेली पाच माणसे बसल्यावर तेच टायर मडगार्डला घासते आणि बेअरिंगवरचा भारही वाढतो. म्हणून मूळ ऑफसेटपासून शक्यतो हटू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिमचा आकार वाढवायचा असेल तर टायरची एकूण उंची कायम राहिली पाहिजे, अन्यथा वेगदर्शक चुकीचा वेग दाखवतो. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि ‘आर’पुढचा रिमचा व्यास इंचांत सांगतो. 165/80 आर14 टायरचा व्यास सुमारे 620 मिलिमीटर भरतो आणि 185/65 आर15 चा सुमारे 621.5, म्हणून स्विफ्टच्या वेगवेगळ्या प्रकारांत ही दोन्ही मापे आढळतात. टायरवरचा भारांक, म्हणजे एक टायर किती वजन पेलू शकतो हे सांगणारा आकडाही, कमी होऊ देऊ नये: 85 म्हणजे 515 किलो, 88 म्हणजे 560 किलो. तोरणमाळचा किंवा कन्नडचा घाट भरल्या गाडीने चढणाऱ्यांनी आणि शेतरस्त्याने जाणाऱ्यांनी बारीक कडेचे टायर टाळावेत, कारण खड्ड्याचा मार ती जाड कडच झेलते. अशा वापरासाठी मी अलॉयपेक्षा लोखंडी रिमच सुचवीन. ती वाकली तर बहुधा सरळ करता येते, अलॉयला मात्र तडा जातो. वेल्डिंग केलेली अलॉय रिम कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पैसे देण्यापूर्वी एक चाक पुढच्या बाजूस लावून पाहावे. ते हाताने फिरवून ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या भागाला) कुठे टेकते का हे बघावे, मग स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवावे आणि गाडीत माणसे बसवून गतिरोधकावरून हळू न्यावी. नट समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तिकेत दिलेल्या ताणाएवढेच आवळावेत. नळी लावलेल्या पान्यावर उभे राहून आवळू नयेत. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा तपासावेत. नव्या रिमांचे नट वेगळे असतील तर स्टेपनीसाठी जुने चार नट डिकीत ठेवावेत, म्हणजे रात्री रस्त्यात चाक बदलण्याची वेळ आली तरी अडचण येणार नाही.