मोसंबी आतून तयार, साल मात्र हिरवी: रंग कसा आणायचा

मराठवाड्यातल्या पाचोड-अंबड पट्ट्यातली आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली) मोसंबी सप्टेंबर-ऑक्टोबरात आतून गोड झालेली असते, पण साल हिरवीच. व्यापारी 'कच्चा माल' म्हणून भाव पाडतो. यात दोष रात्रीच्या उकाड्याचा. सालीतलं हरितद्रव्य मोडून कॅरोटिनॉइड हे पिवळं रंगद्रव्य वर यायला गार रात्री लागतात. म्हणूनच हिवाळा खाल्लेला मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेला) पिवळाधमक दिसतो. त्यात फळ पोसल्यावरही ठिबकमधून युरिया चालूच ठेवला, तर साल जास्तच हिरवी धरते. जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकाची उशिराची फवारणीही रंग मागे ढकलते.

तोडणीआधी चार-पाच झाडांची फळं कापा, रस रिफ्रॅक्टोमीटरवर (गोडी मोजायचं छोटं यंत्र) टाका. ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, ९-१० भरत नसेल तर थांबा. मोसंबी केळीसारखी तोडल्यावर पिकत नाही. इथिलीन हा फळं पिकवायचा वायू सोडलेल्या बंद खोलीत फक्त साल पिवळी होते, गोडी तीच राहते. गर्द हिरवी फळंही बाजूला काढा, ती नीट रंगत नाहीत.

दव सुकल्यावर, साधारण दहानंतर, कात्रीनं देठ ठेवून तोडा. ओल्या फळाची साल ताठ असते. जरा दाब पडला की तिच्यातल्या तेलाच्या पिशव्या फुटतात आणि तेवढा डाग नंतर हिरवाच राहतो.

खोलीत इथिलीन ५ ते १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५ ते १० भाग), तापमान २५-२८ अंश, आर्द्रता ९०-९५ टक्के, मुदत ४८ ते ७२ तास. १० बाय १० बाय १० फुटांच्या रिकाम्या खोलीत ५ पीपीएम म्हणजे जेमतेम १४० मिलिलिटर वायू! केळीच्या चेंबरची १०० पीपीएमची सवय इथं नडते: देठावरची हिरवी टोपी गळते आणि तिथूनच कूज शिरते. आर्द्रता कमी पडली तर साल सुरकुतते. क्रेट भिंतीपासून वीतभर लांब, मध्ये फटी ठेवून रचा. फळं श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साचला की रंग अडतो. सकाळ-संध्याकाळ खोली उघडून हवा बदला, मग पुन्हा वायू सोडा. फळं पिकवायला वापरतात त्या कॅल्शियम कार्बाइडला कायद्यानं बंदी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

लाल्या पडलेल्या फळावर यातलं काहीच चालत नाही, तो कोळी या बारीक किडीनं पाडलेला तांबूस डाग आहे.

पोपटी-पिवळी झाक आली की माल बाहेर काढा, उरलेला रंग वाटेत चढतो. मेण लावायचं तर त्यानंतरच. आधी लावलं तर साल वायू घेत नाही.