राखमानिनोव्हचा जी मायनर प्रेल्यूड कसा ऐकावा

रशियन संगीतकार राखमानिनोव्हचा हा प्रेल्यूड, म्हणजे पियानोसाठीची छोटी स्वतंत्र रचना (ओपस २३ या दहा प्रेल्यूडच्या संचातली क्रमांक ५), पहिल्यांदा ऐकला की वादकाच्या बोटांचंच कौतुक वाटतं. ते साहजिक आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. रचना जेमतेम चार मिनिटांची आहे, तेव्हा ती एका बैठकीत तीनदा ऐका आणि दर वेळी कान वेगळ्या ठिकाणी ठेवा. शक्यतो हेडफोन लावा, कारण फोनच्या स्पीकरवर खर्जातले स्वर विरून जातात.

१. पहिल्या वेळी फक्त ठेका धरा. चार मात्रांची लय आहे, मांडीवर हाताने मोजता येईल. राखमानिनोव्हने स्वरलिपीच्या वर 'आला मार्चिया' लिहिलं आहे, म्हणजे सैन्याच्या कूच करण्याच्या चालीत. सुरुवात मात्र हळू आवाजात होते. फौज अजून लांब आहे, नुसती चाहूल लागली आहे. सुरुवातीपासूनच दणादण वाजवणारा वादक इथेच चुकतो, असं माझं ठाम मत आहे. आवाज चढत जाण्यात जी धास्ती आहे, ती त्याच्या हाती लागत नाही.

२. दुसऱ्या वेळी मधल्या भागाची वाट पाहा. कूच थांबते आणि लय जराशी सैलावते. डावा हात खर्जापासून वरपर्यंत स्वरांच्या लाटा उठवतो, त्यावर उजव्या हातात एक आर्त धून तरंगते. ही धून दोनदा येते आणि दुसऱ्या वेळी मधल्या सप्तकात आणखी एक आवाज जागा होतो. गाणाऱ्याने स्वर लांबवावा आणि सारंगीने ती जागा भरावी, तसा. हात दोनच, पण ऐकू येतात तीन थर. या रचनेतलं खरं अवघड काम मला हेच वाटतं. जोरकस कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक स्वर) सरावाने बसतात. हा मधला आवाज धुनेला न झाकता गाता ठेवायला कान लागतो. सापडला नाही तर तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा ऐका.

हा प्रेल्यूड १९०१ सालचा आहे. संचातले बाकीचे नऊ नंतर आले, आणि १९०३ मध्ये मॉस्कोत राखमानिनोव्हने तो स्वतः वाजवला.

३. तिसऱ्या वेळी वादक बदला. खुद्द राखमानिनोव्हचं ध्वनिमुद्रण मिळतं. सोव्हिएत पियानोवादक एमिल गिलेल्सने दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैनिकांसमोर हाच प्रेल्यूड वाजवल्याचं चित्रणही आहे, ते जरूर पाहा. दोन्हींत कूच परत कशी येते ते ताडून बघा. लय हळूहळू वाढते, ठेका पुन्हा पाय रोवतो. चाल पहिलीच असते, पण मधली धून मनात असल्यामुळे ती आता अधिक कठोर वाटते.

शेवटी मोठा धमाका होईल असं वाटतं, तो होत नाही. एक हलकी, चपळ तान वर चढते आणि दूर गेलेल्या फौजेसारखी नाहीशी होते. ती संपल्यावर लगेच पुढचं काही लावू नका.