लोकलच्या वाढीव मार्गाचा पैसा कुठवर पोचला, हे स्वतः कसं तपासायचं

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘मुंबईच्या रेल्वेला इतके कोटी’ अशी बातमी येते आणि दुपारपर्यंत ती गाडीच्या प्रत्येक ग्रुपवर फिरते. त्या आकड्यात आपल्या मार्गाचं किती, हे मात्र कुणी सांगत नाही. ते शोधायची पद्धत इथे लिहिते आहे. मी केळवे रोडला राहते आणि अंधेरीच्या एका खासगी कंपनीत हिशेब बघते, म्हणून उदाहरणं विरार-डहाणूची जास्त येतील. पनवेल-कर्जत किंवा कल्याण-बदलापूरच्या लोकांनाही हीच पद्धत चालेल.

आमची स्थिती आधी सांगते. विरार ते डहाणू रोड ६४ किलोमीटर. अप एक, डाउन एक, असे दोनच मार्ग. त्यावरून राजधानी जाते, गुजरातकडच्या मेल-एक्स्प्रेस जातात, मालगाड्या जातात आणि उरलेल्या फटीत आमची लोकल. डहाणूपर्यंत लोकल आली २०१३ मध्ये. पुढच्याच वर्षी पालघर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, बोईसरला कामाला येणारे वाढले. रूळ दोनच राहिले. इथे एक गाडी चुकली की पुढचीची वाट बघण्यात माणसाची संध्याकाळ जाते. लेकराला पाळणाघरातून वेळेवर आणणं, रात्रपाळीला पोचणं, सगळं त्या दोन रुळांवर टांगलेलं आहे. म्हणून हा हिशेब मला कळकळीने मागावासा वाटतो.

आधी प्रकल्पाचं कागदावरचं नाव शोधा

‘चौपदरीकरण’ (दोन मार्गांचे चार करणं) एवढ्या शब्दावर कुठल्याही कार्यालयात काही सापडत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेची बहुतेक मोठी कामं मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, म्हणजे एमयूटीपी, या नावाखाली येतात. ती करण्यासाठी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झालं. त्यात रेल्वे मंत्रालयाचा हिस्सा ५१ टक्के आणि महाराष्ट्र शासनाचा ४९. प्रकल्पाचे टप्पे आहेत आणि आपलं काम कोणत्या टप्प्यात आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

विरार-डहाणूचं चौपदरीकरण ‘तीन’ या टप्प्यात आहे. त्या टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, एकूण खर्च १०,९४७ कोटी. त्यातले ३,५७८ कोटी आमच्या मार्गाचे, २,७८२ कोटी पनवेल-कर्जतच्या दुहेरी उपनगरी मार्गाचे आणि ४७६ कोटी ऐरोली-कळवा जोडमार्गाचे. नव्या गाड्याही त्याच रकमेत आहेत. बोरिवली-विरार पाचवी-सहावी मार्गिका, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी, कल्याण-आसनगाव चौथी आणि गोरेगावहून बोरिवलीपर्यंत हार्बरचा विस्तार ही कामं ‘तीन-अ’मध्ये आहेत, त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०१९ मध्ये मान्यता दिली. आपल्या कामाचा टप्पा, मंजुरीचं वर्ष आणि मूळ रक्कम, या तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक अर्जात त्या लागतात.

मग पिंक बुक उघडा

रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प २०१७ पासून बंद झाला, पण कामांची तपशीलवार यादी अजूनही निघते. तिला सगळे पिंक बुक म्हणतात. रेल्वे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती झोननुसार असते. घाबरू नका, शेकडो ओळींपैकी तुम्हाला दोन-चारच बघायच्या आहेत. कामं शीर्षांनुसार लावलेली असतात: ११ म्हणजे नवे मार्ग, १५ म्हणजे दुहेरीकरण, ५३ म्हणजे प्रवासी सुविधा आणि ८१ म्हणजे महानगर परिवहन प्रकल्प. एमयूटीपी या ८१ मध्ये शोधायचं. पश्चिम रेल्वेच्या फाइलमध्ये नाही दिसलं तर मध्य रेल्वेची उघडा.

प्रत्येक ओळीत कामाचा अंदाजित एकूण खर्च, आतापर्यंत झालेला खर्च, या वर्षाची तरतूद आणि शिल्लक असे आकडे असतात. बातमीत येतो तो फक्त तरतुदीचा. तो एकटा काहीच सांगत नाही. एकूण खर्चाशी त्याचं प्रमाण काढा, तेव्हा तो बोलायला लागतो.

२०२४-२५ चंच बघा. एमयूटीपीसाठी रेल्वेने ७८९ कोटी ठेवले: टप्पा दोनला १००, टप्पा तीनला ३०० आणि तीन-अला ३८९. रेल्वेच्या ३०० कोटींत राज्याचे तेवढेच मिळवले तर टप्पा तीनला वर्षाचे ६०० कोटी होतात. १०,९४७ ला ६०० ने भागा. याच गतीने, कोऱ्या पाटीपासून, अठरा वर्षं लागतील! आधी झालेला खर्च आणि कर्जातून येणारी रक्कम धरली की हा काळ कमी होतो, हे खरं. तरी ‘दोन वर्षांत गाडी धावणार’ असं कुणी फलकावर लिहिलं, तर हा भागाकार त्याच्यापुढे ठेवायचा. माझ्या मते प्रवासी संघटनांनी बाकी काही नाही केलं तरी दर फेब्रुवारीत एवढं एक गणित करून स्थानकावर लावावं.

पैसा दोन खिशांतून येतो, दोन्ही चाचपा

एमयूटीपीचा खर्च रेल्वे आणि राज्य शासन निम्मा-निम्मा उचलतात. रेल्वेची बातमी होते, राज्याची सहसा होत नाही. राज्याचा वाटा एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा सिडको (नवी मुंबई वसवणारं शासकीय महामंडळ) यांच्यामार्फतही येतो, त्यामुळे राज्याच्या अर्थसंकल्पाबरोबर या संस्थांचे वार्षिक अर्थसंकल्पही बघावे लागतात. निधी कुठे अडला असं ऐकू आलं की दोन्हीकडे एकाच दिवशी विचारायचं. एकाकडेच गेलात तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

नवी मुंबईची रीत निराळी आहे. तिथल्या मार्गांत सिडकोने ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के घातले आणि त्यापोटी त्या पट्ट्यातल्या तिकिटांवर अधिभारही लागला. बेलापूर/नेरुळ ते खारकोपर गाडी २०१८ मध्ये सुरू झाली, उरणपर्यंत पोचायला जानेवारी २०२४ उजाडलं.

तिसरा खिसा कर्जाचा. टप्पा तीनसाठी आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये ५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. कर्ज देणारी बँक प्रकल्पाची कागदपत्रं आपल्या संकेतस्थळावर ठेवते: पर्यावरणाचा अहवाल, पुनर्वसनाचा आराखडा, तक्रार कुठे करायची त्याची माहिती. इंग्रजी आहे, जडही आहे, पण गावातल्या कॉलेजच्या मुलाला बसवून एकदा वाचून घ्या. इतका तपशील आपल्याकडच्या कार्यालयांतून मिळवायला अर्ज करावे लागतात, तिथे तो उघडा पडलेला असतो.

माहिती अधिकाराचा अर्ज

पिंक बुकात टप्प्याची एकत्र रक्कम कळते. त्यातले विरार-डहाणूला किती गेले, हे विचारूनच काढावं लागतं. अर्ज मुंबई रेल्वे विकास महामंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. कार्यालय चर्चगेट स्थानकाच्या इमारतीतच आहे. शुल्क १० रुपये. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. मराठीत लिहिलेला अर्ज कायद्याला चालतो, त्यामुळे इंग्रजी येत नाही म्हणून कुणी थांबू नका. राज्याच्या कार्यालयाकडे करायचा असेल तर महाराष्ट्राच्या नियमानुसार एक विषय आणि १५० शब्द ही मर्यादा पाळा. केंद्राकडे ५०० शब्द चालतात.

‘काम का रखडलं?’ असं विचारू नका. त्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उत्तर येतं. कागद मागा. आमच्या अर्जात साधारण असं असतं:

‘विरार-डहाणू रोड चौपदरीकरण: (१) आजपर्यंतचा वर्षनिहाय खर्च, (२) रेल्वे व राज्य शासनाकडून मिळालेली रक्कम, तारखांसह, (३) दिलेल्या प्रत्येक कंत्राटाची रक्कम, कामाची मूळ मुदत व दिलेल्या मुदतवाढी, (४) ताब्यात आलेली व यायची असलेली जमीन, गावनिहाय, (५) शेवटच्या मासिक प्रगती अहवालाची प्रत.’

उत्तराला ३० दिवसांची मुदत. नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील. तिथेही भागलं नाही तर ९० दिवसांत दुसरं. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर पाच दिवसांत तो योग्य जागी पाठवणं ही त्यांची जबाबदारी आहे. प्रतींचे पानाला दोन रुपये पडतात. फाइल जाडजूड असेल तर प्रती मागण्याऐवजी प्रत्यक्ष पाहणी मागा. पहिला तास फुकट, पुढच्या तासाला पाच रुपये. हिशेबातलं माणूस सोबत न्या आणि मुदतवाढीची पत्रं आधी वाचा. काम कशामुळे थांबलं, हे त्यातच सापडतं.

जमीन, खाडी, कांदळवन

पैसा असूनही काम हलत नाही, ते बहुतेक वेळा इथे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ च्या सुमारास मंजूर झालेली, वापरात आली फेब्रुवारी २०२२ मध्ये. ऐरोली-कळव्याला दिघा गाव स्थानक झालं, पण कळव्याच्या बाजूला घरांच्या पुनर्वसनावर गाडं अडून राहिलं.

आमच्याकडे वैतरणेच्या दोन पात्रांवरचे पूल आणि खाडीकाठची तिवरं आहेत. कांदळवन तोडायचं तर मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते, ती सार्वजनिक हिताच्या कामालाच मिळते. तिवरं माशांची आणि कोळ्यांची आहेत. त्यांचा विचार न करता रेल्वे हवी, असं मी कधीही म्हणणार नाही. पण परवानगी कुठल्या टेबलावर आहे, हे लोकांना कळलं पाहिजे. वनखात्याच्या मंजुरीसाठी केंद्राचं ‘परिवेश’ पोर्टल बघा. ‘पहिला टप्पा’ म्हणजे अटींसह तत्त्वतः मान्यता, ‘दुसरा टप्पा’ म्हणजे अंतिम. पहिल्याची बातमी वाचून पेढे वाटू नयेत. किनारपट्टीच्या परवानग्या राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या इतिवृत्तांत सापडतात.

ज्यांची जमीन जाते त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. पालघर जिल्ह्यात एकाच गावात बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा समर्पित मार्ग, मुंबई-दिल्ली द्रुतगती मार्ग आणि चौपदरीकरण अशा वेगवेगळ्या मोजण्या होऊन गेल्या आहेत. नोटीस हातात आली की आधी बघा प्रकल्प कोणता आणि कायदा कोणता. रेल्वे कायद्याच्या कलम २०-अ ची अधिसूचना असेल तर हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग कायद्याची असेल तर २१ च. सातबाऱ्यावर मयत आजोबांचं नाव अजून असेल तर वारसनोंद त्याच आठवड्यात करायला घ्या. मोबदला अडतो तो रेल्वेपेक्षा भाऊबंदकीने जास्त, आणि त्याबरोबर कामही थांबतं.

कुणाकडे बोलायचं

खासदाराला निवेदन द्यायचं तर त्यात मागणी नको, तयार प्रश्न द्या. लोकसभेत विचारलेल्या प्रश्नाला रेल्वेमंत्र्यांचं लेखी उत्तर येतं आणि ते संकेतस्थळावर कायमचं राहतं. जुनी उत्तरं आधी शोधा. त्यातल्या दोन वर्षांपूर्वीच्या मुदतीच्या तारखेची आठवण नव्या प्रश्नात करून द्यायची. राज्याच्या वाट्याचा प्रश्न आमदाराकडे. विभागीय आणि क्षेत्रीय पातळीवर रेल्वे प्रवासी सल्लागार समित्या असतात, त्यांच्या सदस्यांची नावं मिळवा आणि अर्जाला आलेलं उत्तर त्यांच्या हाती द्या. हातात कागद असलेल्या माणसाला बैठकीत टाळता येत नाही.

रूळ पडले म्हणजे गाडी आली नाही

मार्ग पूर्ण झाल्यावर रेल्वे सुरक्षा आयुक्त तपासणी करतात. ते रेल्वेच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. त्यांच्या मंजुरीशिवाय प्रवासी गाडी चालत नाही. ही तपासणी जवळ आली की वेळापत्रकाचा आग्रह सुरू करायचा. उद्घाटनानंतर उशीर होतो, कारण फेऱ्या तोवर ठरून गेलेल्या असतात.

इथे तीन गोष्टी लेखी विचारा. नव्या मार्गासाठी किती गाड्या येणार आणि त्यांची खरेदी कोणत्या पायरीवर आहे? रात्री त्या उभ्या कुठे राहणार? (शेवटच्या टोकाला गाड्या ठेवायची सोय नसेल तर पहाटेची पहिली लोकल तिथून सुटूच शकत नाही.) आणि नव्या दोन मार्गांवर लोकल धावणार की लांबच्या गाड्या तिकडे वळवून जुने मार्ग लोकलला मोकळे होणार? सफाळ्याच्या भाजीवाल्या, वाणगावचे विद्यार्थी, बोईसरचे कामगार यांची वेळ कोणती, ते महिलांच्या आणि सामानाच्या डब्यांत फिरून लिहून घ्या. कोणत्या स्थानकावर, किती वाजता, कोणत्या दिशेला गाडी हवी, असा एक पानी तक्ता करून सह्यांसह मुंबई सेंट्रलच्या विभागीय व्यवस्थापकांच्या कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.